परकीय साहाय्याच्या योजनांचे मूल्यमापन : त्रयस्थ सल्लागार कसा निवडावा?

एखादी योजना गावात येते, काही वर्षे चालते आणि संपते. तिच्या खर्चाचा हिशेब शासकीय दप्तरात तयार असतोच. किती शेततळी खोदली गेली, किती ठिबक संच बसले, किती प्रशिक्षणवर्ग भरले, ही माहिती तालुका कचेरीतून एका दिवसात मिळू शकते. परंतु त्या शेततळ्यांमुळे कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर दप्तरात सापडत नाही. योजना राबविणाऱ्यांनाच तो विचारला तर उत्तर बहुधा समाधानकारक येते. त्यात लबाडी असतेच असे नव्हे. आपल्या हातच्या कामाकडे तटस्थपणे पाहणे कोणासही जड जाते. म्हणूनच ज्या संस्थेचा त्या कामात हात नाही अशा त्रयस्थ सल्लागाराकडून फलनिष्पत्ती तपासून घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे.

वाशीम जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा मुख्यतः सोयाबीन, तूर व हरभरा या पिकांवर जगतो. रोम येथे मुख्य कचेरी असलेल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या कर्जातून २००९ साली मंजूर झालेला ‘केम’ प्रकल्प विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांत राबविला गेला, त्यांत वाशीम होता. पुढे जागतिक बँकेने २०१८ साली मंजूर केलेल्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला ‘पोकरा’, उभा राहिला. त्याचा पहिला टप्पा २०२४ साली पुरा झाला. त्यातही हा जिल्हा होता. हे पैसे कर्जाऊ आहेत व राज्याच्या तिजोरीतून परत फेडावयाचे आहेत, ही गोष्ट मूल्यमापनाचा विचार करताना सदैव ध्यानात ठेवावयास हवी. पुढील कर्ज शेततळ्यांवर खर्चावे, रुंद वरंबा सरीच्या यंत्रांवर खर्चावे की नाल्यांच्या उपचारांवर, याचा निर्णय मागील कर्जाने काय साधले यावरून होणे योग्य. तो अंदाज चुकला तर चुकीच्या कामाचे हप्ते पुढील पिढी फेडीत राहील.

ही दृष्टी परदेशातून आली असा समज असेल तर तो खरा नाही. गोदावरी व प्रवरा कालव्यांचा प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ किती झाला, याची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी केली व तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचे पाणी लाभलेली शेती आणि त्याच परिसरातील कोरडवाहू शेती यांची तुलना हा त्या पाहणीचा गाभा होता. १९५२ साली सामूहिक विकास योजना देशात सुरू झाली, तेव्हा तिच्या बरोबरच नियोजन मंडळाच्या आश्रयाखाली कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन करण्यात आली आणि प्रा. दत्तात्रय गोपाळ कर्वे यांच्याकडे तिचे संचालकपद देण्यात आले. योजना राबविणारे खाते व तिची तपासणी करणारी संघटना ही दोन्ही पहिल्या दिवसापासून वेगळी असावीत, ही जाण त्या काळी होती. ती संघटना २०१५ साली नीती आयोगाच्या नव्या मूल्यमापन कचेरीत विलीन झाली.

कार्यकक्षा आधी, सल्लागार नंतर

सल्लागार नेमण्याच्या कामात बहुतेक चुका निवडीच्या वेळी होत नाहीत; त्या आधीच, कार्यकक्षा लिहिताना, झालेल्या असतात. ‘प्रकल्पाचा परिणाम अभ्यासून अहवाल सादर करावा’ एवढ्या एका वाक्यावर काम सोपविले तर मिळणारा अहवालही तितकाच मोघम निघतो. पोकराच्या उद्दिष्टांत हवामान बदलास तोंड देण्याची क्षमता व लहान शेतकऱ्यांच्या शेतीची किफायत या दोन गोष्टी होत्या, आणि त्यांचे मोजमाप पाण्याची उत्पादकता, उत्पादनातील स्थैर्य व शेतीचे वार्षिक उत्पन्न अशा निश्चित मापांवर ठेवलेले होते. माप असे आधी ठरलेले असले म्हणजे सल्लागारास शेवटी सोयीचे माप शोधता येत नाही, आणि प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनाही ते सुचविता येत नाही.

दुसरी बाब वेळेची. प्रकल्प संपत आल्यावर सल्लागाराचा शोध सुरू करणे म्हणजे खळे झाल्यावर पेरणीचे बियाणे मोजण्यासारखे आहे. कामास आरंभ होण्यापूर्वी गावाची स्थिती काय होती, हे त्याच वेळी नोंदले गेले नसेल तर ते नंतर कितीही खर्च केला तरी नेमके समजत नाही. सहा वर्षांपूर्वी एकरी किती सोयाबीन झाले, असे विचारल्यावर शेतकरी प्रामाणिकपणेच उत्तर देतो, पण ते बहुधा एखाद्या लक्षात राहिलेल्या चांगल्या किंवा वाईट सालाचे असते. यासाठी पायाभूत पाहणी, ठराविक काळाने चालू संनियंत्रण, मध्यावधी व अखेरचे मूल्यमापन अशी साखळी बाह्य संस्थांकडून करून घेण्याची आखणी पोकरात होती, ती योग्यच म्हटली पाहिजे.

निवडीची रीत थोडक्यात अशी : प्रथम इच्छुक संस्थांकडून स्वारस्य मागविले जाते, त्यांतून थोड्या संस्थांची यादी होते व त्या प्रत्येकी दोन लखोटे देतात. तांत्रिक प्रस्ताव आधी उघडला जातो; त्यात उत्तीर्ण झालेल्यांचाच दराचा लखोटा नंतर उघडला जातो. मूल्यमापनासारख्या कामात १०० पैकी ७० ते ८० गुण गुणवत्तेस व उरलेले दरास असे प्रमाण सामान्यतः ठेवतात. केवळ सर्वांत कमी दर पाहणे येथे घातक ठरते. दर पाडून काम घेणारी संस्था प्रथम काटछाट करते ती क्षेत्रपाहणीत. अनुभवी माणसांची नावे प्रस्तावात राहतात आणि गावात येतो तो चार दिवसांच्या शिक्षणावर पाठविलेला तरुण. म्हणून प्रस्तावातील माणसेच कामावर आली काय, हे करारानंतरही तपासावे. ज्या संस्थेने प्रकल्पाची आखणी केली किंवा त्यात एखादे काम घेतले, तिला मूल्यमापनाचे काम देऊ नये, हेही ओघानेच येते. मोबदल्याचे हप्ते प्रारंभिक आराखडा, माहितीसंकलन, मसुदा व अंतिम अहवाल अशा टप्प्यांशी जोडलेले असावेत. निष्कर्ष कोणास रुचला वा न रुचला यावर ते अडता कामा नयेत.

तुलना कशाची कशाशी?

मूल्यमापनाचे खरे मर्म तुलनेत आहे. समजा, प्रकल्पातील एका गावात आरंभी सोयाबीनचे उत्पादन एकरी ५ क्विंटल होते व अखेरीस ७ झाले. प्रकल्पाबाहेरच्या, पण तशीच जमीन व तसाच पाऊस असलेल्या गावात ते साडेपाचवरून ७ वर गेले. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. पहिल्या गावाचे आधीचे व नंतरचे आकडेच पाहिले तर लाभ एकरी २ क्विंटल दिसतो. दोन्ही गावांचे केवळ अखेरचे आकडे पाहिले तर लाभ शून्य दिसतो. दोन्ही गावांतील वाढ काढून एकीतून दुसरी वजा केली तर लाभ अर्धा क्विंटल येतो, आणि तोच सत्याच्या सर्वांत जवळचा होय. कारण चांगला पाऊस, नवे वाण, बाजारातील तणनाशक यांचा फायदा दोन्ही गावांना सारखाच मिळालेला असतो. २०२३-२४ च्या ४,६०० रुपये हमीभावाने मोजले तर एकरी २,३०० रुपये व ९,२०० रुपये एवढा हा फरक आहे. एकाच शेतावरून असे दोन अहवाल निघू शकतात व दोन्हींतील बेरीज बरोबर असते!

उत्पन्न रुपयांत मोजताना भावाचा घोटाळा होतो तो वेगळाच. २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास विदर्भातील बाजार समित्यांत सोयाबीनने १०,००० रुपयांच्या आसपास मजल मारली, त्या हंगामाचा हमीभाव ३,९५० रुपये असताना. नवा माल येऊ लागताच भाव उतरले. अशा तेजीत माल विकलेल्या शेतकऱ्याचे उत्पन्न वाढलेले दिसेल, पण त्याचे श्रेय कोणत्याही प्रकल्पास देता येणार नाही. यास्तव सल्लागाराने उत्पन्नाबरोबर क्विंटल, पाण्याच्या पाळ्या व लागवडखर्च हे वेगवेगळे मांडावे, असे कार्यकक्षेत स्पष्ट लिहिलेले बरे.

आणखी एक सापळा आहे, व तो अधिक सूक्ष्म आहे. पोकरातील वैयक्तिक लाभाच्या बाबींत पूर्वसंमती मिळाल्यावर काम आधी स्वखर्चाने करावयाचे व तपासणीनंतर अनुदान बँक खात्यात जमा व्हावयाचे, अशी पद्धत होती. गैरव्यवहारास आळा बसण्यास ती उपयुक्त खरी. पण आधी पैसा उभा करू शकणारा शेतकरीच तिच्यात सहज पुढे येतो. अशा लाभार्थ्याची तुलना त्याच गावातील लाभ न घेतलेल्या शेतकऱ्याशी केली तर लाभार्थी सरस दिसणारच. तो आधीपासूनच सरस होता. जाणता सल्लागार सारख्या धारणेचे, सारख्या सिंचनसोयीचे शेतकरी शोधून त्यांची जोडी लावतो. आणि ज्यांनी अर्ज केला पण पुढे काम केले नाही त्यांच्या घरीही जातो. पैशाअभावी कोण मागे राहिले, हे त्यांच्याकडूनच कळते.

शेततळ्याचेही असेच आहे. पावसाचे वाहते पाणी साठविणारे तळे आणि विहिरीचे पाणी उपसून भरलेले अस्तरीकरणाचे तळे यांचा हिशेब एका रकान्यात मांडता येत नाही. दुसऱ्या प्रकारात तळेधारकाचा हरभरा तरतो, पण शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी खाली जाण्याचा संभव असतो. लाभार्थ्यांचीच मोजदाद करणाऱ्या पाहणीत हा तोटा कधीच दिसणार नाही. गावातील विहिरींच्या पाण्याची पातळी पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात मोजली तरच तो दिसेल. शिवाय तळ्याचे कापड फाटल्यावर ते पुन्हा घातले गेले काय, शेडनेटची जाळी वादळानंतर उभी राहिली काय, हे पाहण्यासाठी प्रकल्प संपल्यावर दोन-तीन वर्षांनी एक फेरी अवश्य व्हावी. तिची तरतूद मात्र क्वचितच केलेली असते.

पाहणी गावात येते तेव्हा

नमुना निवडताना गावाची यादी म्हणजे गावठाण नव्हे. वाशीम जिल्ह्यात, विशेषतः पोहरादेवी ज्या मानोरा तालुक्यात आहे त्या भागात, बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. रस्त्याच्या कडेची घरे गाठून परतणाऱ्या पाहणीत तांडा सुटतो. प्रश्न विचारणाऱ्यास वऱ्हाडी बोली समजली पाहिजे आणि तांड्यावर जाताना गोरमाटी जाणणारा माणूस सोबत हवा. शेतातील निंदण, वेचणी व बियाण्याची साठवण ज्या स्त्रिया करतात त्यांस वगळून केवळ घरच्या कर्त्या पुरुषाशी बोलून मजुरीचा खर्च नीट कळत नाही. उत्पादन कट्ट्यांत सांगितले गेले तर एका कट्ट्यात किती किलो भरले होते, हे तेथेच विचारून घ्यावे. पाहणीचा काळही जुळवावा : सोयाबीनची माहिती काढणीनंतर लगेच, तुरीची व हरभऱ्याची उन्हाळा लागता लागता. श्रावणात आलेला पाहणीदार मागील वर्षाचे अर्धवट आठवणारे आकडेच घेऊन जातो.

शेतकरी बंधुभगिनींच्या मनात या प्रसंगी एक शंका असते, तिचा उल्लेख करणे अवश्य आहे. उत्पन्न वाढले असे सांगितले तर पुढील अनुदान बंद होईल काय? किंवा नुकसान सांगितले तर काही मदत मिळेल काय? मूल्यमापनाच्या पाहणीचा वैयक्तिक लाभाशी संबंध नसतो. अहवालात नाव येत नाही व उत्तर न देण्याची मोकळीक असते. पाहणीदाराने हे प्रश्नावली उघडण्यापूर्वी सांगितले पाहिजे, आणि त्याने सांगितले नाही तर शेतकऱ्याने विचारावे. उत्तर देण्याचे ठरविले तर आकडा जसा असेल तसाच द्यावा. भीतीने कमी व आशेने अधिक सांगितलेले आकडे एकत्र आले की त्यांची सरासरी कोणाच्याच शेताची राहत नाही. घरातील एका वहीत पेरणीची तारीख, बियाणे व खताचा खर्च, मजुरी, पाण्याच्या पाळ्या, वजनकाट्याची पावती व विक्रीचा भाव एवढे लिहिलेले असले तर हा सगळा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. अशी वही ठेवण्याबाबत करडा येथील कृषि विज्ञान केंद्रात किंवा गावच्या कृषि सहायकाकडे विचारणा करता येईल.

ग्राम कृषी संजीवनी समितीच्या सदस्यांनी पाहणीदारासोबत घरोघर फिरू नये. समितीचा माणूस दारात उभा असताना समितीने मंजूर केलेल्या कामाविषयी मोकळेपणाने बोलणे शेजाऱ्यास कठीण जाते. गावनकाशा, पाण्याचा ताळेबंद व मंजूर कामांची यादी पाहणीदाराच्या हाती देऊन समितीने बाजूस व्हावे. पुढे अहवाल तयार झाल्यावर आपल्या गावासंबंधीचे निष्कर्ष मराठीत मिळावेत, अशी मागणी प्रकल्प कचेरीकडे लेखी करावी व ते ग्रामसभेत वाचून दाखवावेत. एखादा आकडा चुकला असेल तर ज्यांच्या शिवारातून तो घेतला त्यांच्या लक्षात तो सर्वांत आधी येईल. मसुदा अंतिम होण्यापूर्वी असे वाचन होण्याची तरतूद कार्यकक्षेतच घालून ठेवली, तर दुरुस्तीस वेळ मिळतो व सल्लागारासही दुसरी खेप पडत नाही.