काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरं

सुट्टी लागली की आपल्या चिकोडी, निपाणी, संकेश्वरकडची घरं गोव्याला निघतात. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता धरायचा आणि पणजी गाठायची. पण गोवा काही एका जागी नाही. मंगेशी, शांतादुर्गा ही देवळं फोंड्याकडे, मोठी चर्च जुन्या गोव्यात, समुद्रकिनारे तर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत. दर वेळी टॅक्सी करायची तर खिसा रिकामा होतो. म्हणून तरुण मंडळी उतरल्या उतरल्या म्हणतात, "स्कूटर भाड्यानं घेऊ या."

भाड्याची गाडी आपल्याला नवी नाही. आमच्या लहानपणी चिकोडीत तासावर सायकल मिळायची, 'बाडिगे सायकल'. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा. अनामत मागायचा नाही, कारण पोर कोणाच्या घरचं हे त्याला ठाऊक असायचं. चेन तुटली तर तो बाजारात वडिलांना गाठायचा आणि हिशेब तिथंच मिटायचा. पणजीत आपल्या वडिलांना कोण ओळखतं? तिथं ओळखीचं काम कागद करतो आणि कागदाच्याही आधी नंबर प्लेट.

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. आणि स्वतः चालवायला भाड्यानं देण्याची परवानगी असलेल्या गाडीला काळी पाटी, तिच्यावर पिवळी अक्षरं. मोटारसायकली भाड्यानं देण्यासाठी केंद्र सरकारची 1997 सालची योजनाच आहे. तिच्याखाली परवाना काढून हा धंदा करायचा असतो.

गेल्या खेपेला भाचा आणि माझी मुलगी बरोबर होती. गाड्यांपाशी उभा असलेला पोरगा आमचं मराठी-कन्नड मिसळलेलं बोलणं ऐकून हसला. "यावूर री अक्का?" बागलकोटकडचा निघाला. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की जीव सुखावतोच. त्यानं एक कोरी करकरीत स्कूटर पुढं केली, वर दिवसाला शंभर रुपये कमी करतो म्हणाला. पाटी पांढरी. भाचा किल्ली घ्यायला हात पुढे करत होता. मी म्हटलं, "बाळा, काळ्या पाटीची दाखवायला सांग." पोरगा म्हणाला, "अक्का, एनू आगल्ला." काही होत नाही!

काही होत नाही तोवर खरंच काही होत नाही. पण खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत गाडी भाड्यानं देता येणार नाही असं लिहिलेलं असतं. अशा गाडीनं उद्या कुणाला धडक बसली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग दवाखान्याचं बिल, भरपाई, कोर्टाच्या तारखा हे सगळं गाडीमालकाच्या आणि चालवणाऱ्याच्या मागं. चिकोडीहून गोव्याला तारखांसाठी खेटे घालायचे म्हणजे काय, ते शेतीचा दावा लढलेल्या घरांना सांगायला नको. शंभर रुपयांसाठी एवढं कोण अंगावर घेईल? आम्ही दुसरीकडे जुनीच, पण काळ्या पाटीची गाडी घेतली. भाचा थोडा वेळ फुगून बसला होता, ते असो.

मुलगी सतरा वर्षांची. "मावशी, बिनगिअरची तर आहे, तिला चालवू दे की," असं भाच्यानं सुचवून पाहिलं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं. भाड्याच्या स्कूटर त्याहून मोठ्या असतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेल्मेट कायद्यानं मागं बसणाऱ्यालाही लागतं. दोन मागून घ्या, आणि पट्टा धड आहे का तेही बघा.

किल्ली घेण्याआधी मोबाईलवर गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढा. जुने ओरखडे, पेट्रोलचा काटा, किलोमीटरचा आकडा, सगळं त्यात येऊ द्या. आमच्या नात्यातल्या एका मुलाला आधीच्याच ओरखड्याचे पैसे भरावे लागले होते. लायसन्सची अस्सल प्रत अनामत म्हणून देऊ नका, झेरॉक्स द्या. डिजिलॉकरमधलं लायसन्स पोलिसांना चालतं, तेही मोबाईलमध्ये असू द्या. आणि गाडी वाळूत घालू नका. किनाऱ्यावर वाहन न्यायला बंदी आहे, शिवाय रुतलेलं चाक भरतीच्या आत निघेलच असं नाही.

स्कूटर चालवणारं कोणी नसेल तर गोव्यात 'पायलट' आहेत, म्हणजे मोटारसायकलवरून भाडं नेणारे. एकट्या माणसाला ती सोय चांगली.

मांडवीवरचा अटल सेतू 2019 साली सुरू झाला. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे, तेव्हा मोबाईलचा नकाशा तिकडं वळवू लागला तरी जुन्याच पुलानं जा. आम्ही तर पूल सोडून जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडी बेटावर गेलो. स्कूटर बोटीवरच चढते. पलीकडे गर्दी नाही, भातशेती, जुनी घरं आणि रिकामा रस्ता. भाच्याचा रुसवा तिथं गेला.