शामक गोळी आणि मद्य : आपले कर्तव्य

नळदुर्गहून महामार्गाने पूर्वेकडे गेले की हैदराबाद लागते. तेथील कुकटपल्ली भागात जुलै २०२५ मध्ये भेसळयुक्त ताडी पिऊन अनेक जण अत्यवस्थ झाले व काहींचा मृत्यू झाला. नशा वाढविण्यासाठी ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी शामक द्रव्ये मिसळण्याचा प्रकार तेलंगणात जुना आहे. तेथे हे मिश्रण विक्रेता करतो. चिंतेवरील गोळी घेऊन मद्यपान करणारा रुग्ण मात्र ते अजाणता स्वतःच करीत असतो.

ही औषधे व मद्य, दोन्ही मेंदूतील ‘गाबा’ या शामक यंत्रणेचे कार्य वाढवितात. एकत्र आल्यास ग्लानी येते, तोल जातो, स्मरण राहत नाही आणि अखेरीस श्वसन मंदावते. ‘गोळी सकाळी, मद्य रात्री’ हा समज घातक आहे. अल्प्राझोलामचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ११ तास लागतात. डायझेपामला एक ते दोन दिवस, वृद्धांत व यकृतविकारात त्याहूनही अधिक.

आपल्या औषधांचाही विचार व्हावा. अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट यांत संधानजन्य मद्यांश असतो. तो ५ ते १० टक्के धरल्यास २० मि.लि. मात्रेतून १ ते २ मि.लि. मद्यार्क पोटात जातो. ३० मि.लि. व्हिस्कीत तो सुमारे १३ मि.लि. असतो. प्रमाण अल्प खरे. तरीही शामक गोळी चालू असलेल्या, विशेषतः वृद्ध रुग्णास चूर्ण वा घृत कल्पना देणे आम्हांस श्रेयस्कर वाटते. तगर, जटामांसी, सर्पगंधा योजतानाही हीच सावधगिरी बाळगावी.

मात्र गोळी एकाएकी बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. त्याने आकडी येऊ शकते. मात्रा मूळ चिकित्सकाच्या देखरेखीखालीच क्रमाने उतरवावी. नित्य मद्यपीसही हेच लागू आहे.

औषधविक्रेत्यांसाठी १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. अल्प्राझोलाम व डायझेपाम तीत येतात. चिकित्सक, रुग्ण, औषध व परिमाण यांची स्वतंत्र नोंद ठेवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देणे म्हणजे केवळ नियमभंग नव्हे, रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल, तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडाने काही देऊ नये, वमन करवू नये. १०८ क्रमांकावर तत्काळ कळवावे.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात मदात्ययास स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्या परंपरेच्या वैद्याने ‘झोपेची गोळी घेता का?’ आणि ‘मद्य घेता का?’ हे दोन प्रश्न संकोच न करता, शक्यतो रुग्ण एकटा असताना, अवश्य विचारावेत.