सोनामुखी की तरवड? पानाच्या आतलं उत्तर

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा प्रश्न आला. वडिलांच्या बद्धकोष्ठासाठी सुट्टी सोनामुखीची पूड आणली, आठवडाभर दिली, उपयोग शून्य. पुडीत नेमकं काय होतं, हे ओळखता येतं का?

येतं. पण नुसत्या डोळ्यांनी नाही.

सोनामुखी म्हणजे शिंबी कुळातलं, बहावा आणि टाकळ्याच्या नात्यातलं झुडूप. आपल्याकडची बरीचशी दक्षिण तामिळनाडूतून येते, म्हणून जगभर तिला तिरुनेलवेलीची सोनामुखी म्हणतात. दुसरी सुदानकडची. ती पूर्वी अलेक्झांड्रिया बंदरातून युरोपात जायची, म्हणून अलेक्झांड्रियाची. आणि तिसरा भाऊबंद आपल्या माळावरचा तरवड. पिवळीधमक फुलं, कातडी कमावायला साल. याची पानं सोनामुखीत मिसळली जातात, हे औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत फार पूर्वीपासून नोंदलेलं आहे. विष वगैरे नाही हो, पण पोट साफ करणारी सोनामुखीतली द्रव्यं तरवडात नाहीत. म्हणजे पैसे गेले आणि गुणही नाही.

अख्खं पान असेल तर जाणकार आकारावरून सांगेल. पूड झाली की आकार संपला. पेशी मात्र उरतात. पुडीचा चिमूटभर भाग क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात उकळला की हिरवा रंग जातो, तुकडे काचेसारखे आरपार होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळं उघडं पडतं.

पहिल्यांदा केस बघायचे. सोनामुखीच्या पानावरचे केस एकपेशीय, आखूड, जाड भिंतीचे, वर बारीक पुटकुळ्या असलेले. तरवडाचे केस बरेच लांब आणि वेडेवाकडे. शंका राहिलीच तर प्रयोगशाळेत 80 टक्के गंधकाम्लाचा थेंब टाकतात. तरवड लालभडक होतो. (हे घरी अजिबात करू नका.)

तरवड सुटला. पण तिरुनेलवेलीची आणि अलेक्झांड्रियाची एकमेकींपासून कशी ओळखायची? इथे खरी गंमत आहे. दोघींच्या पानांत दोन्ही बाजूंना उभ्या खांबपेशी, दोघींच्या शिरांलगत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. बघून फरक कळत नाही, मोजावं लागतं.

मोजायचं काय? पर्णरंध्रं, म्हणजे पान ज्यातून श्वास घेतं ती छिद्रं. नुसती संख्या मोजून फसाल, कारण पान मोठं झालं की पेशी फुगतात आणि तेवढ्याच जागेत छिद्रं कमी दिसतात. म्हणून प्रमाण काढायचं. समजा एका चौकटीत 12 रंध्रं आणि 68 साध्या त्वचापेशी दिसल्या. एकूण 80. त्यात रंध्रं 15 टक्के. पान लहान असो की मोठं, हा आकडा फारसा हलत नाही. अलेक्झांड्रियाच्या सोनामुखीत तो 10 ते 15 असतो, सरासरी साडेबारा. तिरुनेलवेलीच्या पानांत 14 ते 20, सरासरी साडेसतरा. आता बघा, आपला 15 दोन्हीकडे बसतो! म्हणून एका चौकटीवर निकाल देणं चूक. अनेक तुकडे मोजून सरासरी काढायची.

पानाचे मोठे तुकडे मिळाले तर आणखी भक्कम खूण आहे. बारीक शिरांच्या जाळीत अडकलेली बेटं मोजायची. मधली शीर आणि कडा यांच्या मधोमध, दर चौरस मिलिमीटरला. अलेक्झांड्रियाच्या पानात 25 ते 29.5, तिरुनेलवेलीच्या पानात 19.5 ते 22.5. इथे आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. मला स्वतःला हीच पद्धत जास्त आवडते.

आणि आता वनस्पतिशास्त्रज्ञ काय म्हणतात? की या दोन जाती नाहीतच, दोन्ही मिळून एकच सेन्ना अलेक्झांड्रिना! औषधवाले मात्र बेटं मोजतच आहेत, कारण माल कुठला हे त्यांना कळायला हवं.

तर दादा, तुमच्या पुडीसाठी एवढं सगळं नको. जवळच्या फार्मसी कॉलेजात विचारून बघा. नुसत्या केसांवरून तरवड आहे की नाही ते कळेल. वडिलांचा त्रास जुना असेल तर पूड बदलत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.