नंबर आपला, वाट सर्वांची

आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात दोन ओळी लिहिलेल्या आहेत. पहिल्या ओळीत 'सर्व प्रकारची गवंडीकामे केली जातील' असे आहे आणि दुसऱ्या ओळीत अण्णांचा मोबाईल नंबर. सहावीत असताना मीच ती अक्षरे काढली. तो नंबर सांगोला तालुक्यातील दहा-बारा गावांत लोकांच्या तोंडपाठ आहे. अण्णांचे दुकान नाही, पाटी नाही, ऑफिस नाही. जे काही आहे ते या दहा आकड्यांत आहे.

मी बारावीत असताना अण्णांच्या कंपनीची रेंज आमच्या वस्तीवर मिळेनाशी झाली. शेजारच्या गावातील एका बागाईतदाराने घर बांधायचे म्हणून चार दिवस फोन केले, ते लागले नाहीत. काम दुसऱ्याला गेले. दोन महिन्यांची मजुरी बुडाली. मी म्हटले, "अण्णा, कंपनी बदला." त्यावर ते म्हणाले, "कंपनी बदलंल गं, पण नंबर गेला तर माणसं मला कुठं हुडकतील?" बाजारातील सिमकार्डवाल्यानेही त्यांना तेच सांगितले होते की नवी कंपनी म्हणजे नवा नंबर. त्याला नवे कार्ड विकायचे होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

यंदा अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी मक्तेदारी हा भाग शिकवला, तेव्हा मला भिंतीवरच्या त्या दोन ओळी आठवल्या. त्या निमित्ताने जे वाचले, ते येथे मांडत आहे.

वाचकहो, किराणा दुकान आणि टेलिफोन कंपनी यांत एक मूलभूत फरक आहे. गावात दुसरे किराणा दुकान निघाले, तर त्याला पहिल्या दुकानदाराची परवानगी लागत नाही. परंतु नव्या टेलिफोन कंपनीचे तसे नाही. समजा, तिने शंभर ग्राहक मिळवले. हे शंभर जण फक्त एकमेकांशीच बोलू शकत असतील, तर त्या फोनचा उपयोग काय? त्यांना जुन्या कंपनीच्या लाखो ग्राहकांशी बोलायचे असते. म्हणजे नव्या कंपनीचे जगणे-मरणे जुन्या कंपनीच्या हाती असते. तिने आपल्या जाळ्याचे दार उघडले तरच स्पर्धा, नाही तर नाही. आणि आपल्याच प्रतिस्पर्ध्यासाठी आपण होऊन दार कोण उघडील? म्हणून येथे नियम लागतात.

अमेरिकेचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. बेल यांच्या पेटंटची मुदत १८९३-९४ साली संपली आणि हजारो लहान टेलिफोन कंपन्या निघाल्या. बेल कंपनीने त्यांना आपल्या तारा जोडू दिल्या नाहीत. परिणामी एकाच शहरात दोन कंपन्यांची दोन निराळी जाळी झाली आणि व्यापाऱ्यांना टेबलावर दोन-दोन फोन ठेवावे लागले. अखेर १९१३ साली सरकारच्या दबावामुळे बेलची मालक कंपनी एटी अँड टी हिने लहान कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारा वापरू देण्याचे मान्य केले. तरीही पुढे बहुतेक देशभर तिचीच सत्ता चालली.

दुसरा अध्याय १९६९ साली सुरू झाला. त्या वर्षी एमसीआय या लहान कंपनीला शिकागो ते सेंट लुईस अशी स्वतःची लाईन चालवण्याची परवानगी मिळाली. पुढे तिची सेवा स्वस्त ठरली, पण ती वापरणे मोठे किचकट होते. एटी अँड टीच्या ग्राहकाला परगावी फोन करण्यासाठी एक आकडा आणि पुढचा नंबर फिरवला की भागत असे. एमसीआयच्या ग्राहकाला मात्र आधी एक स्थानिक नंबर, मग स्वतःचा सांकेतिक क्रमांक आणि मग हवा तो नंबर, असे वीसहून अधिक आकडे दाबावे लागत. दार उघडे होते, पण उंबरा कमरेइतका उंच! सरकारने १९७४ साली एटी अँड टीवर खटला भरला. १९८२ साली तडजोड झाली आणि १ जानेवारी १९८४ रोजी तिच्या स्थानिक सेवा वेगळ्या काढून सात प्रादेशिक कंपन्या करण्यात आल्या. या कंपन्यांवर समान प्रवेशाची अट घालण्यात आली. लांब पल्ल्याच्या प्रत्येक कंपनीला सारखीच जोडणी द्यायची, आणि ग्राहकाने एकदा आपली कंपनी निवडली की त्याला तितकेच आकडे दाबावे लागावेत, अशी ती अट होती. येथे न्यायाचे माप ग्राहकाच्या बोटांवर मोजले गेले, हे मला विशेष वाटले.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर अनेक दशके टेलिफोन सरकारी खात्याकडेच होता. १९९४ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना वाट मिळाली आणि ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल कॉल कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाला. पण एक अडचण होती. सरकारी खाते स्वतः सेवा देणारे आणि नियम करणारेही होते. कुस्तीत पैलवानानेच पंचाचे काम करावे, तसा हा प्रकार. म्हणून १९९७ च्या कायद्याने दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', स्थापन झाले. सन २००० मध्ये तंट्यांसाठी वेगळे न्यायाधिकरण आले आणि त्याच वर्षी सरकारी सेवा बीएसएनएल या कंपनीकडे गेली.

न्याय्य प्रवेशाचे आपल्याकडील नियम मला तीन प्रश्नांत मांडता येतील असे वाटते.

पहिला प्रश्न : जोडणी मिळते का? दोन कंपन्यांची जाळी जेथे एकमेकांना मिळतात, तेथे पुरेशा लाईनी नसतील, तर कागदावर जोडणी असूनही फोन लागत नाही. ट्रायच्या नियमानुसार अशा ठिकाणी हजारात पाचांहून अधिक कॉल अडता कामा नयेत. २०१६ साली रिलायन्स जिओ बाजारात आली, तेव्हा तिच्याकडून इतरांकडे जाणाऱ्या शंभर कॉलपैकी पंचाहत्तरांहून अधिक अडत असल्याचे ट्रायने नोंदवले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. जुन्या कंपन्यांचे म्हणणे असे की, नवी कंपनी फुकट कॉल देते, त्यामुळे आमच्या जाळ्यावर कॉलचा पूर लोटला. या बाजूतही काही तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पुढे २०१८ च्या नियमांनी जोडणीचा करार तीस दिवसांत आणि भेदभाव न करता करण्याचे बंधन घातले.

दुसरा प्रश्न : जोडणीचे भाडे किती? एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात संपतो, तेव्हा पहिलीने दुसरीला काही पैसे द्यायचे अशी पद्धत होती. हा दर २००९ साली मिनिटाला २० पैसे, २०१५ साली १४ पैसे, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आला. भाडे जास्त असेल, तर थोडे ग्राहक असलेल्या नव्या कंपनीचे बहुतेक कॉल बाहेर जातात आणि ती भाड्यानेच बुडते. भाडे शून्य असेल, तर ज्याने खर्च करून जाळे उभारले त्याला वाटते, की आपल्या अंगणातून फुकट रस्ता नेला. तेव्हा वाजवी दर ठरवणे हे शेवटी खर्च आणि न्याय यांच्यामधले काम आहे.

तिसरा प्रश्न : ग्राहकाला जाता येते का? आणि येथे आमचे अण्णा येतात. कंपनी सोडताना नंबरही सोडावा लागत असेल, तर स्पर्धा असूनही ग्राहक बांधलेलाच. म्हणून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ रोजी सबंध देशात सुरू झाली. म्हणजे अण्णांना ज्या दिवशी नंबर जाण्याची भीती वाटत होती, त्याच्या कितीतरी वर्षे आधी हा हक्क त्यांना मिळालेला होता! त्यांना तो कोणी सांगितला नव्हता, एवढेच.

आमच्या वर्गशिक्षिकांकडून मला हे कळले. मी अण्णांच्या फोनवरून 'पोर्ट' हा शब्द आणि नंबर लिहून १९०० वर संदेश पाठवला. आठ अक्षरांचा संकेत आला. तो आणि आधारकार्ड घेऊन आम्ही तालुक्याला गेलो. चार दिवसांत दुसऱ्या कंपनीचे कार्ड चालू झाले. भिंतीवरचा एकही आकडा पुसावा लागला नाही. त्या संध्याकाळी अण्णांनी आईच्या फोनवरून स्वतःलाच तीनदा फोन करून पाहिला.

या नियमांची मर्यादाही सांगितली पाहिजे. नियमांनी दार उघडते, पण आत आलेला टिकेलच असे नाही. एके काळी आपल्याकडे डझनभर मोबाईल कंपन्या होत्या. आज बहुतेक ग्राहक चारच कंपन्यांकडे आहेत. आणि ज्या वाडीवर एकाच कंपनीचा टॉवर आहे, तेथे निवडीचा हक्क हा नुसता कागदावरचा हक्क होय.

घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रवेशाचा अर्ज भरताना कोणता दाखला कोठे मिळतो हे सांगणारे घरात कोणी नव्हते, म्हणून मी तीन वेळा तहसीलला परत गेले. सवलत होती, नियमही होता. माझ्यापर्यंत तो पोहोचला नव्हता. न्याय्य प्रवेशाचा नियम करणे हे निम्मे काम आहे. तो ज्याच्यासाठी केला, त्याच्या कानावर घालणे हे उरलेले निम्मे. ते ट्रायने एकट्याने करायचे नाही. ज्यांना वाचता येते, त्या आपणही करायचे आहे. सुट्टीत गावी जाल, तेव्हा घरात एवढे जरूर विचारा, "नंबर जाईल म्हणून कोणी अडून बसले आहे का?"