इंजिन सुरू करण्यापूर्वीची चार मिनिटे

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आधी दारे-खिडक्या उघडायच्या, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक असते. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीलाही हाच न्याय लागू होतो. मात्र बोटीच्या इंजिनाच्या कप्प्याला खिडकी नसते आणि वास नेहमीच नाकापर्यंत पोहोचतो असे नाही.

गेटवेहून एलिफंट्याला जाणाऱ्या लाँच डिझेलवर चालतात. पेट घेण्याइतकी वाफ सोडायला डिझेलला चांगलीच उष्णता लागते. पेट्रोल मात्र शून्याखाली चाळीस अंशांनाही तेवढी वाफ सोडते. आपल्या किनाऱ्यांवरील जलक्रीडेच्या अनेक बोटींचे पेट्रोल इंजिन मागच्या बाजूला, बाहेर टांगलेले असते. त्याला वारा लागतो. खरा प्रश्न आहे तो ज्यांचे इंजिन बोटीच्या पोटात, झाकणाखाली बसवलेले असते त्यांचा. अमेरिकेतील तळ्यांवर अशा बोटी सर्रास दिसतात आणि उन्हाळ्यात तिकडची मराठी कुटुंबेही त्या हौसेने भाड्याने घेतात.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि सर्वांत खोलगट जागी साचते. मोटारीचे इंजिन खालून बरेचसे उघडे असल्याने सांडलेल्या पेट्रोलची वाफ रस्त्यावर निघून जाते. बोटीचा तळ पाणी आत येऊ नये म्हणून घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे वाफेलाही खालून वाट मिळत नाही. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की एक ठिणगी पुरते. हिशेब केला तर चहाच्या कपाएवढे, म्हणजे दीडशे मिलिलिटर पेट्रोल सुमारे दोन घनमीटर हवा स्फोटक करू शकते. छोट्या बोटीच्या इंजिनाचा कप्पा बहुधा याहून मोठा नसतो. आणि ठिणगी कुठून येणार? किल्ली फिरवताच स्टार्टर मोटारीतून!

म्हणूनच अमेरिकेच्या नियमांनुसार ३१ जुलै १९८० नंतर बांधलेल्या, बंद कप्प्यात पेट्रोल इंजिन असलेल्या बोटींना वायुवीजनाची चालू स्थितीतील यंत्रणा सक्तीची आहे. त्यातील विजेच्या पंख्याला ब्लोअर म्हणतात. नाव फसवे आहे. तो हवा आत फुंकत नाही, तळातील वाफ ओढून बाहेर टाकतो. त्यामुळे त्याच्या नळीचे तोंड कप्प्याच्या खालच्या एकतृतीयांश भागात, परंतु तळाशी नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या वर असावे लागते. नळी झाकणाजवळ लोंबकळत असेल, तर वरची स्वच्छ हवा बाहेर जाईल आणि वाफ जागची हलणार नाही. किल्लीजवळच्या सूचनाफलकावर लिहिलेले असते, की आधी चार मिनिटे ब्लोअर चालवा आणि तळाशी वाफ नाही याची खात्री करा. सुटीच्या दिवशी, मुले बोटीत चढून बसलेली असताना ही चार मिनिटे फार लांब वाटतात, हे खरे!

ब्लोअरचा आवाज आला म्हणजे हवा वाहते आहे, असेही नाही. नळी चेपलेली, फाटलेली किंवा सांध्यातून निसटलेली असली तरी पंखा गरगरतच राहतो. बाहेरच्या तोंडाशी तळहात धरून झोत जाणवतो का, ते पाहावे. शिवाय ब्लोअर वाफ काढतो, सांडलेले पेट्रोल काढत नाही. गळती चालू असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून झाकण उघडून, खाली वाकून वास घेणे हीच अखेरची परीक्षा. तीही शक्यतो दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी, कारण पेट्रोलपाशी वावरणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावते. वास आलाच, तर कोणतेही बटण न दाबता सर्वांना काठावर उतरवावे, झाकणे उघडी ठेवावीत आणि जाणकार मेकॅनिकला बोलवावे.

जुगाडाची हौस असणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बोटीच्या इंजिनाला बसतो, स्वस्तही पडतो. परंतु बोटीसाठी बनवलेल्या भागांची रचनाच अशी असते, की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू शकत नाही. मोटारीच्या भागांना ही सोय नसते. दोन्ही दिसायला मात्र सारखेच.

पेट्रोल भरताना क्रम थोडा उलटा असतो. इंजिन आणि विजेची सारी उपकरणे बंद करावीत, प्रवाशांना उतरवावे आणि वाफ आत शिरू नये म्हणून झाकणे, खिडक्या लावून घ्याव्यात. टाकीचे झाकण बसवून सांडलेले पुसले, की सारे उघडावे, वास घ्यावा आणि मग ब्लोअर सुरू करावा.

एक वेळ हमखास विसरली जाते. दुपारी तळ्याच्या मध्यावर बोट थांबवून जेवण होते आणि परतीसाठी सहज किल्ली फिरवली जाते. कार्ब्युरेटर असलेले इंजिन बंद केल्यावर त्याची धग वाढत राहते, त्यातील उरलेले पेट्रोल तापून वाफ होते आणि वारा थांबलेल्या कप्प्यात उतरते. सकाळी घालवलेली चार मिनिटे या वेळी पुन्हा द्यावी लागतात.