मुक्या हॉर्नला वाचा

जुन्या मोटारीचा हॉर्न सोडून बाकी सारे वाजते, हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. पण ज्याची मोटार असते त्याला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. खाजगी मोटारीला १५ वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्या वेळच्या तपासणीत हॉर्न मुका निघून चालत नाही. माझ्या मामांचे तालुक्याच्या गावी छोटेसे गॅरेज आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत तेथे एका निवृत्त गुरुजींची प्रीमियर पद्मिनी याच कारणासाठी आली. तपासणीला चार दिवस उरले होते.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने तयार होणाऱ्या या गाडीला १९७४ साली 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. गाडी बनायची थांबली की तिचे सुटे भागही हळूहळू दिसेनासे होतात. बाजारात १२ व्होल्टचा नवा हॉर्न मिळतो, तो बसवता आला असता. परंतु गुरुजींच्या पत्नींना आता दिसत नाही. यजमान घरी आल्याचे त्यांना त्या हॉर्नवरूनच कळते. म्हणून गुरुजींना हॉर्न हवा होता तो जुनाच.

विजेचा हॉर्न वाजतो कसा? शाळेतील विजेची घंटा आठवा. बटण दाबले की वेटोळ्यातून वीज वाहते, लोखंडाचा गाभा चुंबक बनतो आणि पोलादी पडदा आत ओढला जातो. आत येता येता पडदा दोन पॉइंट एकमेकांपासून दूर करतो. वीज तुटते, चुंबकत्व जाते, पडदा मागे फिरतो, पॉइंट पुन्हा टेकतात. हे सेकंदाला काही शे वेळा घडते आणि त्या थरथरीचाच आवाज होतो. म्हणजे हॉर्न वाजण्यासाठी वीज जितकी जुळावी लागते, तितकीच ती तुटावीही लागते.

मामांनी प्रथम बॅटरीवरून दोन तारा थेट हॉर्नला लावल्या. 'टक्' असा एकच आवाज आला. "भाच्या, वीज येतेय, पण सुटत नाही," मामा म्हणाले. मुळीच आवाज आला नसता तर तार तुटली आहे किंवा पॉइंट काळे पडले आहेत असे समजायचे. एकदाच 'टक्' म्हणजे पडदा ओढलेलाच राहतो. कडेचे रिव्हेट काढून हॉर्न उघडला, तो दोन पॉइंटांना वेगळे ठेवणारी फायबरची चकती फुटलेली. पुठ्ठ्याच्या गॅस्केटचाही भुगा झाला होता.

येथून पुढे खरी विद्या सुरू होते. चकतीसाठी मी प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण सुचवले. मामांनी मान हलवली. आत वेटोळे तापते, ठिणग्या उडतात, तेथे प्लॅस्टिक वितळते. त्यांनी जुन्या बेकलाइटच्या स्विचचे झाकण कापून, कानशीने घासून चकती केली. गॅस्केटला सायकलची ट्यूबही चालली नसती, कारण रबर दबते आणि पडदा व गाभा यांतील फट बदलते. त्या फटीवरच तर आवाज अवलंबून! म्हणून जुन्या गॅस्केटचा उरलेला तुकडा मापून तेवढ्याच जाडीचे पोस्टकार्डांचे थर लावले. रिव्हेटऐवजी नटबोल्ट घातले, पण थरथरीने ते सैल होऊ नयेत म्हणून स्प्रिंग वायसरसह. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले. मग आवाजाचा स्क्रू थोडा थोडा फिरवीत, कान लावून, योग्य जागा सापडली. तो तेथून हलू नये म्हणून त्यावर मामींच्या नेलपॉलिशचा थेंब! फ्यूज मात्र त्यांनी नवा आणला. तेथे जाड तार गुंडाळणारे अनेक आहेत, पण मग फ्यूजऐवजी गाडीचे वायरिंगच जळते.

तिसऱ्या दिवशी हॉर्न बोलू लागला आणि गाडी तपासणीतून पार पडली.

मित्रहो, अशा कामाला आपण सहज 'जुगाड' म्हणतो. त्या शब्दात थोडे कौतुक असते, थोडी हेटाळणीही. पण मामांनी हाताला येईल ते कोठेही बसवले नाही. मूळ भागाचे काम काय, त्याला उष्णता सोसायची आहे की माप राखायचे आहे, हे आधी ठरवले आणि मग त्या गुणाची वस्तू शोधली. मामा चौथीपर्यंत शिकले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. ते जे जाणतात ते कोणी लिहून ठेवलेले नाही; माझ्याजवळ लेखणी आहे. निदान एवढे तरी कागदावर उतरावे, म्हणून हा प्रपंच.