‘ऱ्या’चा घोळ

सकाळी ७.३०. चहाचं आधण ठेवायच्या आत फोनवर तीन निरोप. दोन पासवर्ड विसरल्याचे, तिसरा एका विद्यार्थ्याचा : ‘मॅडम, वाऱ्यावरची वरात लिहूनसुद्धा शून्य कसं काय?’ पासवर्डवाले दोघेही प्राध्यापक. त्यांना आधी उत्तर देते, तेही एकेकट्याला. विसरलो हे ग्रुपवर कबूल करावं लागलं, तर ते पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

मराठी विभागात मी नाटक शिकवते. तीन वर्षांपूर्वी ‘तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं’ एवढ्या भांडवलावर मला मूडलचं, म्हणजे आमच्या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीचं, समन्वयक केलं गेलं. वर्कलोडमध्ये त्याचा एकही तास धरलेला नाही.

१०.००. शिपाईमामांनी संगणक कक्ष उघडून दिला आणि मी शून्याच्या मागे लागले. काल एम. ए.च्या मुलांची चाचणी होती, आपोआप तपासली जाणारी. पु. लं.च्या नाटकाचं नाव विचारलं होतं. ४० जणांत ११ शून्यं, आणि अकराही जणांचं उत्तर बरोबर! मी माझं उत्तर आणि मुलांचं उत्तर पडद्यावर एकाखाली एक ठेवलं. ‘ऱ्या’ आणि ‘र्‍या’. डोळे फोडून पाहिलं तरी फरक दिसेना, कारण तो अक्षराच्या पोटात आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, नाहीतर साध्या र चा पाय मोडून पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. कुठला कळफलक यातलं काय करतो, हे टंकणाऱ्याच्या गावीही नसतं. आपल्याला एकच अक्षर दिसतं, यंत्राला दोन वेगळे शब्द. (‘तऱ्हा’ म्हणायला गेलं तरी त्यातही तोच र.)

मूडलमध्ये अपेक्षित उत्तरात तारांकन टाकलं की त्या जागी काहीही चालतं. शेजारच्या तरुण सहकाऱ्याने सुचवलं, ‘वा*यावरची वरात’ असं देऊन टाका. मी म्हटलं, मग ‘वाटेल त्यावरची वरात’ लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण! शेवटी दोन्ही रूपं बरोबर म्हणून नोंदवली आणि सगळ्यांचं पुन्हा गुणांकन लावलं. अकरा शून्यं गेली.

११.३०. विभागातले ज्येष्ठ सर आले. दोन महिन्यांनी निवृत्त होणार. मूडल आलं तेव्हा बैठकीत ते म्हणाले होते, ‘मूढ आणि डल, दोन्ही एकाच शब्दात बसवलंय.’ त्यावर हसण्यात मीही होते. आज मात्र स्वतःहून आले, खिशात पेनड्राइव्ह. त्यात संतसाहित्याच्या प्रश्नपत्रिका, जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या. मूडलवर चिकटवल्या की ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. ‘मी गेल्यावर हे कोण वाचणार?’

परिवर्तकातून एक प्रश्नपत्रिका काढली. बरीचशी जमली, पण वेलांट्या चुकीच्या व्यंजनाला आणि रफार एक घर पुढे. सर लाल पेन काढून थेट पडद्याकडे सरसावले. मी हात धरला. मग तासभर त्यांनी सांगितलं आणि मी दुरुस्त केलं. मध्येच विचारलं, ‘पण हे नाव ठेवलं कुणी?’ सांगितलं, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे मार्टिन डूगियामास, पहिली आवृत्ती २००२ची, आणि मूडल हे एका लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप आहे. सर भाषाविज्ञानातले. ‘लघुरूप होय! मग माझी व्युत्पत्ती रद्द.’

१.३०. डबा.

२.००. विभागप्रमुखांनी बोलावलं. नॅकच्या मूल्यांकनाची तयारी सुरू आहे. त्यांना लॉगिनचा आकडा हवा, आणि प्रशिक्षणाचे जिओटॅग असलेले फोटो. मी म्हटलं, सर आज तासभर बसले होते. ‘फोटो काढला का?’ नव्हता काढला. बाहेरच्या कंपनीचा माणूस येऊन सभागृहात दोन तास स्लाइड दाखवून गेला, त्याचे मात्र बावीस फोटो आहेत. त्या सत्रानंतर एकाही प्राध्यापकाने एक ओळ चढवलेली नाही.

३.४५. एक विद्यार्थिनी दारात. हाताने लिहिलेल्या स्वाध्यायाची पीडीएफ १२ एमबी, आमची मर्यादा २. ही मर्यादा कुणी ठरवलेली नाही; सर्व्हर बसवताना पीएचपीची जी मूळ नोंद असते तीच राहून गेली. वाढवा म्हणून तीन अर्ज केलेत. तोवर फोटो काळ्या-पांढऱ्यात घ्यायला शिकवलं. तिच्या घरी रेंज येत नाही, फाट्यापर्यंत चालत यावं लागतं. म्हणून मूडलच्या ॲपमध्ये पुढच्या आठवड्याचं वाचन इथल्या वायफायवरच उतरवून दिलं, ते नेट नसतानाही उघडतं. ती पाचची एसटी गाठायला पळाली.

४.३०. उद्याच्या चाचणीची वेळ तपासली. दोनदा. गेल्या वर्षी सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचवर होतं आणि ते मी पाहिलं नव्हतं. अकराची चाचणी बरोबर साडेपाच तास उशिरा उघडली, म्हणजे आत्ता याच वेळेला. वर्ग तोवर कँटीनमध्ये बसून होता. वडापावचे पैसे मी दिले.

रात्री ९.१५. सरांचा निरोप : ‘एक प्रश्न मी स्वतः चढवला आहे. पाहावा.’ पाहिला. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायावरचा. कुठला ‘ऱ्या’ पडलाय ते बघायला पुन्हा लॅपटॉप उघडला.